अंगातलं तांबं

बावडा, ता. इंदापूर
१४ ऑगस्ट १९९६

अविराज,

तीन साधी पत्रं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून हे रजिस्टर करतोय. हे मात्र फोड. घरी ये म्हणायला लिहिलेलं नाही. तुझं रक्त तपासायचं आहे आणि ते लवकर तपासायचं आहे. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीतनं उठूच दिलं नाही. "हिला भाऊ आहे म्हणता, मग तो कुठंय?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, बारामतीला, एमआयडीसीत कामाला आहे.

स्वप्नालीला काय झालंय ते कळलं.

तिला कुणी काही केलेलं नाही. ती वेडीही नाही. तिच्या अंगात तांबं साठलंय. भांड्याचं असतं तेच तांबं. वाचताना तुला खोटं वाटेल, मलाही वाटलं. बाई म्हणाल्या, रोजच्या अन्नातनं थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं, शरीराला ते लागतंही. उरलेलं यकृत बाहेर टाकतं. हिच्या यकृताला जन्मापासून ते जमत नाही. आधी ते यकृतात साठलं, तिथनं मेंदूत गेलं. रक्तात एक घटक असतो, सेरुलोप्लाझमिन, हा शब्द कागदावर बघून उतरवतोय. तो कमीत कमी वीस पाहिजे. हिचा चार आला. पहिल्यांदा चूक असेल म्हणून पुन्हा रक्त काढून मुंबईला पाठवलं. तिथनंही चारच आला.

तू गेल्यावर काय काय झालं ते तुला माहीत नाही. जूनमध्ये शाळेतल्या मनिषाबाई घरी आल्या. पिशवीतनं स्वप्नालीच्या दोन वह्या काढून पुढं ठेवल्या, एक चौथीची आणि एक आताची सातवीची. चौथीचं अक्षर छापल्यासारखं. सातवीच्या वहीत शब्द ओळ सोडून खाली घसरलेले, दोन-चार ठिकाणी पेनानं कागद फाटलेला. बाई म्हणाल्या, "अप्पा, खोडकर पोरीचं अक्षर असं होत नाही. तिचा हात तिचं ऐकत नाहीये. वर्गात लाळ गळते तिची, पोरं हसतात. मोठ्या डॉक्टरला दाखवा." मी दाखवतो म्हटलं आणि दाखवलं नाही.

जुलैत तिचे पाय सुजले, डोळे पिवळे झाले. तेव्हा तुझ्या आईनं मला न विचारता तिला इंदापूरला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं आणि पुण्याची चिठ्ठी दिली. पुण्यात डोळ्याच्या मशीनवर तिची हनुवटी टेकवली आणि डॉक्टरीणबाईंनी मलाच बोलावून आत बघायला लावलं. बुबुळाच्या कडेनं सोनेरी-तपकिरी वळं होतं, अगदी गोल. "हे तांबं," त्या म्हणाल्या. माझ्या पोरीच्या डोळ्यात ते किती दिवसांपासून होतं कोण जाणे. मी तिच्या डोळ्यात कधी बघितलंच नव्हतं.

मी त्यांना विचारलं, "म्हंजे करणी न्हाय?"

"नाही."

"आन् खोडीबी न्हाय? मुद्दाम करत न्हाय ती?"

"नाही हो. मुद्दाम यातलं काहीच नाही."

त्यानंतर त्या बरंच काही बोलल्या. मला ऐकू आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, लग्नाआधी तुमचं दोघांचं नातं काय? म्हटलं, ही माझ्या सख्ख्या मामाची लेक. त्यांनी कागदावर आमची दोघांची चिन्हं काढली, मध्ये रेघ ओढली आणि खाली दोन काढली. एक गोल, एक चौकोन. गोल म्हणजे स्वप्नाली, तो पेनानं काळा केला. चौकोन म्हणजे तू. त्यात प्रश्नचिन्ह काढलं. हा दोष आईबाप दोघांकडनं आला तरच आजार होतो, आणि सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता असते. वरनं काही दिसत नसलं तरी आत साठत असतं. आधी कळलं तर गोळ्यांवर माणूस जन्मभर नीट राहतो. उशीर झाला तर काय होतं ते मी घरात बघतोय.

सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली आहे. माझा राग चिठ्ठीवर काढू नकोस.

तुझे अप्पा


बावडा
२७ ऑगस्ट १९९६

अविराज,

रजिस्टरची पोहोचपावती आली. तुझी सही बघितली आणि मी पोस्टाच्या पायरीवर बसलो. तिरकी, तुटकी सही, शेवटचं अक्षर पार खाली गेलेलं. रावजी पोस्टमन म्हणाला, "अप्पा, गेटवर सायकलीच्या सीटवर कागद धरून सही घेत्यात. माझ्याकडं समद्यांच्या अशाच येत्यात." असेल तसं. तरी विचारतो. तुझा हात थरथरतो का? चहाचा कप धरताना, नट पिळताना? मला सांगू नकोस, डॉक्टरांना सांग.

परवा मी बारामतीला आलो होतो. तुझ्या कारखान्यासमोरच्या टपरीवर सकाळपासून बसलो. जेवणाच्या सुट्टीत तू बाहेर आलास, मला बघितलंस आणि परत आत गेलास. मी हाक मारली नाही. तुझ्या चालीकडं बघत होतो. चाल सरळ वाटली, पण मला काय कळतं? दोन वर्षं घरात बघून मला काही कळलं नाही, तिथं रस्त्यापलीकडनं काय कळणार?

स्वप्नालीच्या कॅप्सूल सुरू झाल्यात. पहिले आठ-दहा दिवस ती जास्तच बिघडली. बोलणं बंद झालं, मान एका बाजूला वळून राहायची. तुझी आई म्हणाली, "ह्ये औषध न्हाय, ईख हाय." मी इंदापूरला जाऊन पुण्याला फोन केला. बाई म्हणाल्या, असं होऊ शकतं, मी आधीच सांगितलं होतं, डोस कमी करू पण बंद करू नका. खरंच त्यांनी आधी सांगितलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं त्यात ते होतं.

काय खायचं नाही त्याची यादीही दिली. शेंगदाणे नकोत, तीळ नकोत, काळीज तर अजिबात नको. आपल्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय कालवण होत नाही, आई आता सगळ्यांचंच बिनकुटाचं करते. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी देऊ नये.

आता जे लिहितोय ते तू घरात नसताना झालंय. तू गेल्यावर कळंबच्या पाहुण्यांनी सांगितलं की तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी उपाशीपोटी दिलं की मेंदू तल्लख होतो. मी इंदापूरच्या बाजारातनं नवा कोरा हंडा आणला. सव्वा वर्ष रोज सकाळी दोन पेले पाणी तिला पाजलं. ती नको म्हणायची. घशाखाली उतरत नव्हतं, आता कळतं की तिला गिळायलाच त्रास होत होता. मी नाक दाबून पाजायचो. तुझी आई म्हणायची, राहू द्या आज. मी म्हणायचो, तुमच्या लाडानंच ही अशी झाली.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजार त्या पाण्यानं झालेला नाही. आजार जन्मापासूनचा आहे. पण ते आजपासून बंद." त्यांनी मला दोष दिला नाही. मी घरी येऊन यादी चारदा वाचली.

अविराज, एक गोष्ट मनात आली ती लिहितो. या आजारात आधी राग वाढतो, माणूस वडीलधाऱ्यांवर धावून जातो, असं बाई म्हणाल्या. तुझ्यातही तेच निघालं, तर देवळात तू जे केलंस ते तू केलंच नाहीस, आजारानं केलं. मग माझ्या मनात तुझ्याबद्दल काही राहणार नाही. याचा विचार कर.

तुझे अप्पा


बावडा
१० सप्टेंबर १९९६

अविराज,

तुझं अंतर्देशीय पत्र मिळालं. आत एकच ओळ आहे. "तुम्ही तिला काय काय केलं ते डॉक्टरांना सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. हंड्याचं सांगितलं, कारण त्यात माझी माया दिसत होती. बाकीचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "थोडंफार रागावलो आसंल." तपासताना त्यांना पोटावरचे दोन डाग दिसले. त्यांनी विचारलं आणि तुझी आई म्हणाली, चुलीपाशी भाजलं. मी शेजारी उभा होतो, गप्प बसलो.

तुझी ओळ वाचल्यापासून माझ्या हाताला काम सुचेना. भेंडी तोडायला आली होती, तशीच राहिली. आता लिहितोच सगळं. यातलं बरंच तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण आजवर मी सगळ्यांना वेगळंच सांगत आलोय.

अक्षर बिघडलं म्हणून मी तिच्या बोटांवर पट्टी मारायचो. एका दिवशी पट्टी मोडली, मग दांडक्यानं मारलं. लाळ गळते म्हणून पाहुण्यांसमोर तिला आतल्या खोलीत कोंडायचो. ती हसायला लागली की मला वाटायचं मला हसतेय. डाग देवऋषीनं दिले, पण विळा मी तापवून दिला. तू तेव्हा रानात होतास. घरी आल्यावर तू तिच्या पोटाला खोबरेल लावलंस आणि माझ्याशी आठ दिवस बोलला नाहीस.

आणि मग गेल्या वर्षी चैत्रात बिरोबाच्या देवळासमोर. अर्धा गाव जमला होता. देवऋषी लिंबाच्या डहाळीनं तिला मारत होता, समोर मिरच्यांची धुरी. ती पळू नये म्हणून मी तिचे केस धरले होते. ती "दादा" म्हणून ओरडली. मला नाही, तुला हाक मारली. तू गर्दीतनं आलास, माझं मनगट धरलंस, पिरगाळलंस आणि मला ढकललंस. मी दीपमाळेच्या पायरीवर आपटलो, दात पडला. सगळ्यांसमोर तू म्हणालास, "अप्पा, तिच्या अंगात काय बी न्हाय. अंगात तुमच्या आलंय."

मी तिथंच ओरडलो, याच्यावरबी तेच बसलंय, पोरीचं पोराला लागलं! लोकांना ते पटलं. बापावर हात टाकणाऱ्या पोराबद्दल काहीही पटतं. तू त्याच दुपारी बारामतीची एसटी धरलीस. त्यानंतर जो भेटेल त्याला मी हेच सांगितलं, थोरल्याचं डोकं फिरलं. तुझ्यासाठी आपल्याच गावातल्या रावतांची सोयरीक चालून आली होती, ती तशीच मोडली. ते तुला कुणी सांगितलं नसेल. ते माझ्यामुळं झालं.

काल स्वप्नालीला तपासणीला घेऊन पुण्याला गेलो. तिला आईजवळ बाहेर बाकावर बसवलं आणि आत जाऊन हे सगळं सांगितलं. डाग, पट्टी, कोंडणं, धुरी. बाई लिहून घेत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, मारानं आजार वाढला असं नाही, पण भीतीनं ती दुखणं सांगायची बंद झाली आणि दोन वर्षं वाया गेली. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर बोलणं एवढं गेलं नसतं.

मग त्यांनी विचारलं, "घरात तुम्हाला अडवणारं कुणीच नव्हतं?"

मी म्हटलं, "व्हता एक."

तुझे अप्पा


बावडा
२३ ऑक्टोबर १९९६

अविराज,

सोमवारी पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तू तीन आठवड्यांपूर्वी एकटाच येऊन गेलास. रक्त दिलंस, लघवी तपासायला दिलीस, डोळे मशीनवर दाखवलेस. त्यांनी तो जुना कागद काढला आणि चौकोनातलं प्रश्नचिन्ह माझ्यासमोर खोडलं. "मुलगा ठणठणीत आहे. सगळे आकडे नीट आहेत. घरी कळवा म्हणालाय, म्हणून सांगतेय." तुझी आई तिथंच रडायला लागली. स्वप्नालीनं तिच्या पदराला धरलं.

मी आनंदानं उडायला पाहिजे होतं. उडालो नाही. उलट काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटलं. काय गेलं ते मला तिथंच, त्या खुर्चीत कळलं, आणि मला माझीच शिसारी आली. गेल्या पत्रात लिहिलेलं सगळं खरं होतं, पण त्याच्या आधीच्या पत्रात जे लिहिलं होतं ना, तुझ्यातही तेच निघालं तर माझ्या मनात काही राहणार नाही, ती माझी दया नव्हती. मी वाट बघत होतो. पोराच्या रक्तात दोष निघावा म्हणून बाप वाट बघत होता. कारण दोष निघाला असता, तर देवळासमोर जे झालं ते दोन आजारी पोरांमुळं झालं असं म्हणता आलं असतं, आणि मी बिचारा ठरलो असतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. पण तसंच होतं.

तुझं रक्त चांगलं आहे. म्हणजे त्या दिवशी माझा हात धरणारा तूच होतास. पूर्ण शुद्धीत होतास, आणि जे बोललास ते खरं बोललास.

काल देवळात पंचांची बैठक होती. पंचांतले बापूसाहेब बोलत होते, त्यांना थांबवून मी उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या थोरल्याचं डोकं फिरलं म्हणून मी गावभर सांगितलं. त्ये खोटं हाय. पुण्याला रक्त तपासलंय त्याचं, काय बी दोष न्हाय. त्यानं मला ढकाललं त्ये बरोबर केलं. माझ्या पोरीला आजार हाय, आन् मी तिला मारत हुतो."

बापूसाहेब म्हणाले, "बसा अप्पा, बसा." मागनं साखरबाई, ती दळणाच्या गिरणीवाली, मोठ्यानं म्हणाली, "आमच्या जावंच्या पोरीचंबी हात थरथरत्यात. त्या डॉक्टरचं नाव लिहून द्या." लिहून दिलं. मग मी घरी आलो. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

स्वप्नाली बरी होतेय, पण सावकाश. मान सरळ झाली. स्वतःच्या हातानं भाकरी मोडते. परवा मनिषाबाई आल्या तर त्यांना "या" म्हणाली. लाळ कमी आहे. पूर्वीसारखी पूर्ण होईल का, विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरीच होईल, पूर्ण सांगता येत नाही. कॅप्सूल मात्र जन्मभर. मी खोलीत गेलो की ती अजून हात डोक्यावर धरते. त्यावर गोळी नाही.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली. तू त्यांना विचारलंस, स्वप्नालीची तारीख कोणती, अप्पा कुठल्या दिवशी येतात, आणि मग आपल्यासाठी दुसरा दिवस मागून घेतलास. ऐकलं. राग आला नाही.

म्हणून असं ठरवलंय. पुढची तारीख चार नोव्हेंबर, सोमवार. मी येणार नाही. आईला आणि तिला इंदापूरला सातच्या पुणे गाडीत बसवून देईन आणि परत फिरेन. गाडी भिगवणच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. तू बारामतीहून भिगवणला येऊन त्या गाडीत चढ. आईला पुण्याचं काही समजत नाही, आणि स्वप्नाली रोज विचारते, दादा कधी. आता तिचा "दादा" नीट ऐकू येतो.

काय काय करायचं ते लिहितो. कॅप्सूल उपाशीपोटी द्यायची, जेवणाआधी एक तास. ती तोंडात धरून ठेवते, गिळली का बघ, पण तोंड उघडायला लावू नकोस, पाणी पुढं कर म्हणजे आपोआप गिळते. पाणी स्टीलच्या बाटलीत देईन. पेला अर्धाच भर, पूर्ण भरला तर सांडतो आणि मग ती घाबरून बघते. जिना चढताना उजव्या बाजूला उभा राहा, डावा पाय अजून ओढते. दवाखान्यात पोरं बघून हसली तर तिला दुसरीकडं नेऊ नकोस, तिथंच तिच्याशेजारी बस.

आणि तिला बोलायला वेळ लागतो. एक शब्द आला की दुसरा येईपर्यंत बराच वेळ जातो, ओठ नुसते हलत राहतात. तेवढा वेळ थांब. तिचं वाक्य तू पुरं करू नकोस, मधे तोडू नकोस. मी तोडायचो.

अप्पा